पानावरचा हात

एकदा एका व्यापाऱ्याच्या पेढीत एक तरुण पत्रं पाठवण्याचं काम करीत असे. पेढी लहान बाळांच्या वस्तूंची होती. पत्रं म्हणजे ई-मेल, आणि ती दोन वाटांनी जात. कोणी डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने घेतले, की यंत्र आपोआप महिने मोजू लागे आणि त्या त्या महिन्याचं पत्र त्या घरी धाडी. दुसरी पत्रं ठरल्या वेळेची. सण आला की यादीतल्या सगळ्यांना एकाच सकाळी एकच पत्र. दोन्ही वाटा तरुणानेच आखल्या होत्या आणि स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता.

श्रावणात शाल्मली नावाच्या एका बाईंनी लिहिलं, "आमचं बाळ गेलं. कृपा करून ही पत्रं थांबवा." तरुणाने तासाभरात त्यांची आपोआपची पत्रं बंद केली. पुढे संक्रांत आली. सकाळी नऊच्या ठोक्याला सगळ्यांबरोबर त्यांनाही पत्र गेलं, "प्रिय शाल्मलीताई, बाळाच्या पहिल्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने घेतलेत ना?"

त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. "तुमच्याकडे कोणी वाचतं का?"

आता संताप यायचाच तर कोणाचा यावा? पण तरुणाला आला तो त्या बाईंचा. तणतणत तो गावाबाहेरच्या मठात आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, मी त्यांची पत्रं तासाभरात थांबवली होती. हे सणाचं पत्र, ते सगळ्यांनाच जातं. त्या थांबवलेल्या पत्रांचा आणि याचा काही संबंध नाही. माझी चूक नसताना मी का ऐकून घ्यायचं?"

गुरुजींनी सगळं ऐकलं. चेहरा कठोर झाला, पण ते एवढंच म्हणाले, "पंगत बसते आहे. आधी जेवून घे." मग दोन वाढप्यांना बाजूला बोलावून त्यांनी काहीतरी सांगितलं.

जेवण उरकत आलं तेव्हा पहिला वाढपी भात घेऊन आला. तरुणाने पानावर हात आडवा धरला. वाढप्याने मान डोलावली आणि तो पुढे गेला. मागोमाग दुसरा आला, आमटीचं भांडं घेऊन, समोर पाहत. त्याने पळी बुडवली आणि गरम आमटी थेट तरुणाच्या हातावर ओतली.

"डोळे आहेत की नाही तुम्हाला?" तरुण ओरडला. "हात दिसत नाही?"

"मला रांगेने वाढायला सांगितलंय," वाढपी शांतपणे म्हणाला. "पान पाहून वाढणारे ते, आत्ता पुढे गेले ते. त्यांचा आणि माझा काही संबंध नाही."

तरुणाने रागाने गुरुजींकडे पाहिलं. ही करणी कोणाची ते त्याला कळलं होतं.

"जा, आधी हात थंड पाण्यात धर," गुरुजी म्हणाले. तो परतल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही, पण त्यात धार होती. "चटका तुला बसला तर तू पंगतीत ओरडलास. त्या माउलीला याहून मोठा बसला, आणि तू मला तुझ्या कामाची वाटणी समजावून सांगत होतास. लाज वाटली नाही? अरे, वाढपी दोन असावेत. पान पाहून वाढणारा हवा, रांगेने वाढणाराही हवा, त्याशिवाय पंगत उठत नाही. पण वाकण्यापूर्वी दोघांनीही पान पाहायचं असतं. जेवणाऱ्याने हात एकदा आडवा धरला की पुरे. तुझ्याकडे वाढपी किती, हे त्या बाईंनी का लक्षात ठेवायचं? त्यांना घर एकच दिसतं, पेढीचं."

तरुण पेढीवर परतला. आपोआपची पत्रं ज्यांनी थांबवली त्यांची नावं ठरल्या वेळेच्या यादीशी त्याने त्याच दुपारी जोडली. आता कुठलंही पत्र निघण्याआधी ती नावं तपासली जाणार होती. जोडताना पडद्यावर आकडा आला: बारा.

म्हणजे शाल्मलीताईंखेरीज आणखी अकरा जणींनी 'नको' म्हटलं होतं, आणि संक्रांतीचं पत्र त्या सगळ्यांना गेलं होतं. कोणाचं कारण काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. विचारण्याचा अधिकारही नव्हता. त्या पत्रावर त्या अकरा जणींनी चकार शब्द लिहिला नव्हता.

त्याने एक सुंदर क्षमापत्र लिहिलं, बाराही नावं घातली, उद्या सकाळी नऊची वेळ लावली. बटणावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबला. मग त्याने अकरा नावं पुसली, वेळ काढून टाकली, आणि शाल्मलीताईंना स्वतः दोन ओळी लिहिल्या, "मी वाचलं. चूक माझी आहे."

त्या अकरा जणींना त्याने काहीच पाठवलं नाही. त्यांनी तेवढंच तर मागितलं होतं.