ठकूच्या सात टोपल्या

उंबरदरी गावाच्या तळ्याकाठी उमगनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही हकिगत. चिंचेखाली एक छप्पर, तोच महाराजांचा मठ. पाणी स्वतः भरावे, अंगण स्वतः झाडावे, असा त्यांचा नेम.

ठकू नावाची बुरुडीण रोज दर्शनाला येई. विधवा बाई, मूलबाळ नाही. बांबूच्या टोपल्या विणून पोट भरायची. पण वर्षापूर्वी तापात तिचा उजवा हात लुळा पडला आणि ती शेजाऱ्यांच्या तुकड्यांवर जगू लागली. एके दिवशी तिने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"बाबा, एवढा हात बरा करा. लोकांच्या दारी उभं राहवत न्हाई आता."

महाराजांनी तो लुळा हात मायेने हातात घेतला. मग म्हणाले, "माय, डाव्याला कधी कामाला लावलंस का?"

"डाव्या हातानं टोपली कशी हुईल, बाबा?"

"पाय आहेत, दात आहेत. तू सुरुवात कर. तुझं बळ सरेल तिथं देवाला हाक मार. आधी नको."

ठकू घरी गेली. पायाच्या अंगठ्यात बांबू धरून, काड्या दातांनी ओढून विणू लागली. बोटे चिरली. एकेका टोपलीला तीन-तीन दिवस लागले. टोपल्या वाकड्यातिकड्या झाल्या, पण झाल्या! सात टोपल्या घेऊन ती मठात आली, तेव्हा रंगराव देशमुख घोड्यावरून चालले होते. पायात वहाणा घालायलाही त्यांना गडी लागे. ते मोठ्याने हसले.

"महाराज, हात बरा करणं जमेना, म्हणून हिला कामाला जुंपलंत होय? असल्या टोपलीत माझं कुत्रंसुद्धा निजणार नाही!"

ठकूची मान खाली गेली. महाराज शांतपणे म्हणाले, "टोपलीत माती भरायची, देशमुख. मातीला वाकडंसरळ कळत नाही."

भाद्रपदात पाऊस असा लागला की तळे काठोकाठ भरले आणि एका सकाळी बांधाला भेग पडली. बांधाखाली सगळे गाव! देशमुखांनी तालुक्याला स्वार धाडला. "मजूर येतील, तोवर कुणी काही करू नका," असे बजावून ते टेकाडावर जाऊन उभे राहिले.

महाराजांनी कुदळ उचलली. "तालुका चार कोस आहे. पाणी तोवर थांबेल का रे?"

लोक धावले. पण माती वाहायची कशात? ठकूचा हात गेल्यापासून, तिच्या या सात सोडल्या तर, गावात कुणी नवी टोपली विणलीच नव्हती. जुन्या कुजून गेल्या होत्या. ठकूने आपल्या सातही टोपल्या वाटल्या. समोर पन्नास हात पसरलेलेच होते.

तिने डोळे मिटले. "देवा, माझं इथं सरलं."

आणि मागे हात नेला, तो टोपलीचा काठ हाताला लागला! ती दिली, पुन्हा काठ लागला. ज्याने हात पुढे केला, त्याला टोपली मिळाली. ठकूच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण डावा हात थांबला नाही.

दुपारी स्वार परतला. "सरकार, नदीला पूर आहे. पलीकडे जाता येईना."

देशमुखांनी गड्यांना हाका मारल्या. जवळ एकही नव्हता. सगळे बांधावर होते. ते टेकाडावरून खाली आले. मग चिखलात उतरले, ठकूसमोर आले आणि खाली बघत हात पुढे केला. ठकूने त्यांनाही टोपली दिली.

दिवे लागायच्या सुमारास भेग बुजली. लोकांनी टोपल्या आणून चिंचेखाली ठेवल्या, तर त्या सातच भरल्या! वाकड्या, डाव्या हाताने विणलेल्या.

तळहातांना फोड आलेले देशमुख महाराजांपुढे वाकले. "महाराज, जन्मभर दुसऱ्याच्या हातांवर जगलो, आणि लाचार हिला समजलो."

महाराजांनी त्यांना मध्येच धरले. "वाकायचं ते दिवसभर बांधावर वाकलात. माझ्यापुढं कशाला?"

देशमुख ठकूकडे वळले आणि चिखलाने भरलेले हात जोडून त्यांनी तिच्यापुढे मान लववली.