विहिरीत लपलेला आवाज

एकदा काय झालं, खाडीच्या काठी एका गावात रुकय्याबी नावाची बाई राहायची. तिला एकच लेक, झैनब. एवढीशी पोर, पण दिवसभर तोंडाची टकळी चालू. घरात दुसऱ्या कुणाला बोलायला सवडच मिळायची नाही, बरं का.

मग आला रमजान. झैनब म्हणाली, मीपण रोजा धरणार. पहिला रोजा म्हणजे केवढं कौतुक! अम्मानं हिरवा रेशमी कुर्ता शिवला, मोगऱ्याचा हार आणला, आळीतल्या सगळ्या बायांना इफ्तारीला बोलावलं. पहाटे लेकीला मांडीवर घेऊन सहेरीचे घास भरवले.

मग दुपार कलली. बाया फळं चिरायला जमल्या. इकडे झैनबच्या घशाला कोरड पडली. ती हळूच न्हाणीत गेली आणि तांब्याभर पाणी गटागटा प्यायली. इतक्या लहान पोरांवर रोजा कुठे बंधनकारक असतो? पण तिला ते काय ठाऊक. ती घाबरली.

अम्मानं बघितलं, कुर्ता पुढून ओला. "हे काय गं?"

"काही नाही," झैनब म्हणाली.

मग अम्माचा पारा चढला. सगळ्या बायांसमोर ती ओरडली, "रोजा मोडलास आणि वर खोटं बोलतेस? मला मान खाली घालायला लावलीस." आणि हार उचलून कोपऱ्यात भिरकावला.

आता बघा, हीच रुकय्याबी कशी होती? शेजारणीचा खिमा करपला, तर करपलेला भाग गुपचूप आपल्या ताटात वाढून घ्यायची. जगाचं उणं झाकायची, आणि पोटच्या पोरीचं तेवढं चारचौघांत उघडं केलं. राग असा असतो मेला.

झैनबनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिचा आवाज घशातून निसटला, अंगण ओलांडून पळाला आणि विहिरीत पडला. टुप्प!

मग घर मुकं झालं. ईद आली, शिरखुर्मा झाला, पण अजून वाढ म्हणणारं कुणी नव्हतं. अम्मा चुलीपुढे बसून रडली. आपण हे काय करून बसलो, असं तिला झालं.

मग ती पाणी शेंदायला विहिरीवर गेली. आत एक म्हातारं कासव होतं. ते म्हणालं, "आवाज माझ्या पाठीवर बसलाय. वर यायला भितो."

अम्मानं बादली सोडली. "चल, वर ये. आईचं ऐकायचं असतं." बादलीत आलं नुसतं पाणी.

मग तिनं बादलीत काचेच्या बांगड्या ठेवल्या. "या घे, पण ये." बांगड्या तशाच परत आल्या.

मग अम्मा घरोघर गेली. इफ्तारीला आलेल्या सगळ्या बायांना तिनं विहिरीपाशी आणलं. लेकीला जवळ उभं केलं आणि म्हणाली, "त्या दिवशी चूक माझी झाली. माझी पोर तहानलेली होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही, तुमच्याकडे बघत राहिले. झैनब, मला माफ कर."

मग तिनं पुन्हा बादली सोडली. बादली जड झाली. वर ओढली तर आत कासव, आणि त्याच्या पाठीवरून आवाजानं टुणकन उडी मारली ती थेट झैनबच्या गळ्यात.

पहिलं काय बोलली असेल ती?

"अम्मा, मी पाणी प्यायले होते."

अम्मानं तिला पोटाशी धरलं. "किती तहान लागली असेल गं माझ्या बाईला."

एवढंच तर म्हणायचं होतं, आणि ते त्याच दिवशी म्हणायचं होतं. पुढे कितीतरी दिवस झैनब पाणी पिताना आधी अम्माच्या तोंडाकडे बघायची, आणि अम्माच्या काळजात कळ यायची.

मग हळूहळू तेही थांबलं. झैनब मोठी झाली, रोजे धरू लागली, मायलेकी सुखानं राहिल्या. आता मिटा डोळे. आज कुणी काय सांडलं, काय फोडलं, ते सकाळी माझ्या कानात सांगा. मी रागावणार नाही.