चिंधीची वेणी

सावरटोल्याच्या तलावावर पहिल्यांदा आलेला माणूस हमखास एकच गोष्ट विचारतो: सगळं पाणी इतकं मोकळं, मग मधोमध तेवढा हिरवा पुंजका का ठेवलाय? येताना त्याने तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, भाजीच्या वाड्या पाहिलेल्या असतात. वांग्यांच्या बुडाशी, मिरच्यांच्या सरींत, कोहळ्याच्या वेलांखाली, जिकडे तिकडे तलावातलं शेवाळ अंथरलेलं. म्हणजे गावाला शेवाळ तर हवं असतं, तरी तेवढं सोडून देतात. म्हातारे फागोजी अशा पाहुण्याला पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसवतात आणि म्हणतात, "घाईत असाल तर जा जी. हे घाईत सांगायचं नाही." पाहुणा बसला की मग सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा पाळीखाली नुसता मुरूम होता. तिथे कौतिका नावाची बाई राहायची. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून पुढच्या मुलीला दृष्ट लागू नये अशा हेतूने तिने नाव ठेवलं चिंधी. चिंधी जगली. तिला एकच नाद, वेण्या घालायचा. बाहुलीला, गाईच्या शेपटीला, लांब दिसेल त्याला. वेणी तीन पेडांची सुरू व्हायची आणि टोकाला येईतो एक पेड कुठेतरी हरवलेला असायचा. कौतिका हसायची आणि सोडून पुन्हा घालायला लावायची.

एका दुपारी चिंधी पाण्यात उतरली. शेवाळात तिचा पाय अडकला आणि ती बुडाली.

कौतिका रडली नाही म्हणे. देवीपुढे जाऊन तिने आपले केस सोडले आणि शपथ घेतली, "या तळ्याले बोडकं केल्याबिगर मी केस बांधणार नाही." शेवाळाचा शेवटचा तंतू निघेल तेव्हाच तिच्या जिवाची आग शांत होणार होती. नवरा दसरू तिच्यासोबत निघाला. तो डोंगा वल्हवायला बसला. कौतिका वाकून शेवाळ मुळासकट उपटायची आणि पाळीपलीकडच्या मुरमावर नेऊन फेकायची, उन्हात मरू दे म्हणून.

पण शेवाळ मरताना मुरमाला काहीतरी देऊन गेलं. जिथे कुसळ उगवत नव्हतं तिथे दसरूला एक दिवस कोहळ्याचा वेल दिसला. त्याने शेवाळाचा वाळका थर उचलला, तर खाली काळी, ओली, भुसभुशीत माती. पहिलं कोहळं त्याने हौसेने घरी आणलं. कौतिकेने ते उंबऱ्याबाहेर ठेवलं. "ज्यानं माही पोरगी खाल्ली, त्याचं मी खाऊ?" असं ती म्हणाली आणि दसरूचा घास त्या दिवशी ताटातच राहिला.

इकडे तळं उघडं पडत चाललं. सावली गेल्यावर मासे गेले, मासे गेल्यावर पाखरं गेली. पाण्याचा आवाजसुद्धा बंद झाला, असं सांगतात. लोक कौतिकेच्या पाया पडले, तिने ऐकलं नाही. शेवटी मधला एक पुंजका तेवढा उरला.

त्या दिवशी पाणी इतकं निवांत होतं की डोंगा तळ्यात आहे की आभाळात, हे दसरूला कळेना. कौतिका वाकली, तिने पुंजक्यात हात घातला आणि शेवाळ मुठीला गुंडाळलं. बोटांना काहीतरी वेगळं लागलं. वेणी होती. टोकाला दोनच पेड. हात खाली सरकवला, तिथे तीन. शेजारी दुसरी, पलीकडे आणखी एक. सगळा पुंजका कुणीतरी बसून विंचरलेला, गुंफलेला, आणि प्रत्येक वेणीत एक पेड हरवलेला.

"चिंधे," ती हळूच म्हणाली.

मुठीतली वेणी खालून कुणीतरी अलगद ओढली. आपलं खेळणं मोठ्यांनी उचललं की लेकरू ओढतं ना, तशी.

दसरूला यातलं काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, "उपट व. एवढंच राह्यलं. मंग सुटली तू."

"नको जी," कौतिका म्हणाली. "पोरगी खेळून राह्यली." आणि तिने मूठ उघडली.

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. संध्याकाळी उंबऱ्याबाहेरचं कोहळं तिने स्वतः चिरलं. पण देवीपुढची शपथ काही मागे घेता येत नाही. तळं बोडकं झालं नाही, म्हणून तिचे केसही मोकळेच राहिले. नवरा जिवंत असलेल्या बाईने असं फिरणं अशुभ, म्हणून तिला कुणी लग्नाला, बारशाला बोलावलं नाही. तिने ते मुकाट्याने सोसलं. पुढे नवं शेवाळ वाढलं, तेव्हा ती दाताळ्याने ते वरवर विंचरून काढू लागली, मुळं राखून. ज्याच्या वाडीत लागेल त्याला टोपली भरून द्यायची. मासे परत आले. वाड्या हिरव्या झाल्या.

आजही सावरटोल्याच्या बाया शेवाळ काढायला निघतात तेव्हा केस सोडून निघतात. डोंगे भरतात, वाड्यांत अंथरतात, मधल्या पुंजक्याला दाताळं लावत नाहीत. परतताना मात्र तिथे थांबतात. त्यांतली वयाने मोठी असेल ती पाण्यावर वाकते आणि विचारते, "चिंधे, येते का व घरी?"

उत्तर आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तरी वल्हं लगेच कुणी मारत नाही. खेळात रमलेल्या पोरीसाठी आई दारात जेवढी थांबते, तेवढ्या थांबतात, आणि मग डोंगे वळवतात.