ठकीचे डोळे

बाहुल्या लाकडाच्या असत त्या काळी, भातुकलीच्या एका पेटाऱ्यात दोन ठक्या राहत, लाल आणि हिरवी. दोघी एकमेकींना बिलगून झोपत. ते पाहून पितळी तपेलीने लाल ठकीचं लग्न पलीकडच्या पेटाऱ्यातल्या बाहुल्याशी ठरवलं.

"मावशी, मला हिरवीपाशीच राहायचंय," लाल ठकी म्हणाली.

"गप! एवढ्याशा पोरीच्या तोंडी हे शोभतं का? तुला काय कळतंय?"

"मग लग्नातलं तरी काय कळतं मला?"

तपेली विचारात पडली नाही. तपेल्या पडत नाहीत. "हिरवीकडे बघून बघून बिघडलीय," म्हणत तिने उलथन्याला सांगून ठकीचे रंगवलेले डोळे खरवडून घेतले.

"आता कशी निरागस दिसते!" भांडी म्हणाली. खरवडताना ठकी ओरडली नाही, याचीच त्यांना जरा भीती वाटली होती.

अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. बाहुल्याने हारासाठी मान पुढे केली. ठकी त्याला ओलांडून, जराही न चाचपडता, थेट हिरवीपाशी गेली आणि हार तिच्या गळ्यात घातला.

"अगं बाई, हिला दिसतं कसं?" तपेली किंचाळली.

ठकीने कोरा चेहरा तिच्याकडे वळवला.

"मावशी, तो नुसता रंग होता गं. बघत होते ते लाकडातून."