हात कमरेवर

"किती येळ थांबलास?" शेवंताक्कानं विचारलं.

"दोन मिनिटं," सुयोग म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "दीड असेल."

"मग?"

"दिवा नुसता लुकलुकत होता. वाटलं, अडकलं. म्हणून प्लग काढला."

"एकदाच?"

सुयोगनं प्लगची वायर बोटाला गुंडाळली.

"अरे लेका, तोंडात मिठाची गुळणी धरलीस व्हय?"

"चारदा," तो म्हणाला.

अक्कानं सुयोगच्या घरच्या भिंतीवरच्या राउटरकडे बघितलं. सकाळपर्यंत हा डबा अख्ख्या वाडीला नेट पुरवत होता. आता त्याच्यात काही म्हणता काही उरलं नव्हतं.

शेवंताक्का तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात तारा जोडून निवृत्त झालेली बाई. सुयोग सहा महिने तिच्याकडे राउटर दुरुस्ती शिकत होता. पोरगा हुशार, पण हुशारीपेक्षा मिजास दोन बोटं जास्त. डब्याचं मूळचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आज्ञावली, पुसून त्यानं सगळ्यांसाठी खुलं असलेलं नवं फर्मवेअर घातलं होतं. अक्काला न विचारता. आणि तेही आजच, ज्या दिवशी डब्याला हातसुद्धा लावायचा नव्हता!

आज चार वाजता त्याच्या बहिणीला, प्रणिताला, सुरतेच्या दवाखान्यात सिझरसाठी आत नेणार होते. पहिलं बाळंतपण, त्यात गुंतागुंत. आत जायच्या आधी तिला आईला बघायचं होतं. आणि आईला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. मायलेकी हातांनीच बोलायच्या. म्हणजे व्हिडिओ कॉल पाहिजे. मोबाइलला रेंज होती ती वरच्या टेकावर, आणि आईचे गुडघे घराच्या तीन पायऱ्यांनासुद्धा हात जोडायचे. वाडीत नेटची लाईन एकच. अक्काच्या घरचं नेटही याच डब्यातून जायचं. ते गेलं तशी ती न बोलावता आली होती.

आई सकाळपासून फोन समोर घेऊन पाटावर बसली होती. केस विंचरलेले, पदर नीट घेतलेला. पोटात पाण्याचा थेंब नाही.

घड्याळात साडेतीन वाजले होते.

"काय काय भरलंस यात?"

"जाहिराती अडवायचं. फायली ठेवायचं. कुणी किती नेट वापरलं ते दाखवायचं. शिवाय एक..."

"मेमरी किती हाय याची?"

"चार एमबी." आवाज खोल गेला. "मला वाटलं, मावेल."

"अक्का, वीट झाली ना याची?" त्यानं विचारलं. मेलेल्या राउटरला दुरुस्तीवाले वीट म्हणतात. "खरं सांगा. माझ्यामुळं ताईला आईचं तोंड नाही ना दिसणार?"

डोळे भरून आले होते त्याचे. अक्कानं कमरेची पिशवी सोडली आणि एक पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला.

"यात बारकं फर्मवेअर हाय. हे घाल."

"यात काय काय आहे?"

"काय न्हाई. नुसतं नेट चालतंय."

"एवढंच?"

अक्कानं फक्त बघितलं. सुयोगनं जीभ चावली.

पुढचं त्याला येत होतं. डब्याच्या पोटात एक कोपरा असा असतो की वरचं सगळं बिघडलं तरी तो शाबूत राहतो. त्यानं पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, लॅपटॉपची वायर डब्याला जोडली, मागच्या बारीक भोकात पिन दाबून धरली आणि प्लग लावला. कोपरा जागा झाला. त्या कोपऱ्यानं फाइल मागितली, लॅपटॉपनं दिली. दिवा लुकलुकायला लागला.

पावणेचार झाले होते.

"आता?" सुयोग म्हणाला.

अक्का उठली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेली वीट तिनं उचलून आणली आणि डब्यापासून चार हात लांब ठेवली.

"चढ यावर."

"अक्का, ही काय थट्टेची वेळ आहे?"

"चढ. हात कमरेवर. दिवा लुकलुकतोय तवर आत भरणं चाललंय."

तो चढला. रागानं चढला, पण चढला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. दिवा लुकलुकतच होता.

"अक्का, अडकलंय."

अक्कानं विटेकडे बोट दाखवलं.

"अहो, सकाळी अगदी असंच झालं होतं!"

"हात कमरेवर."

घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. बोटं अशी वळवळत होती की कमरेलाच चिमटे बसत होते. दहा मिनिटं उरली. मग आठ.

तेवढ्यात दिवा विझला. पूर्ण विझला.

सुयोगचा एक पाय विटेवरून सुटला.

"पाय!" अक्का ओरडली. "त्याचं तो बंद होऊन चालू व्हतोय. होऊ दे."

आईला ओरडणं ऐकू आलं नाही, पण पोराचा चेहरा तिला दिसला. ती उठून उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं विचारलं, काय झालं? गेलं का?

सुयोगचे हात कमरेवर. आईशी बोलायचं तर हातच लागतात. त्याला काही सांगता येईना. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि आई त्याच्याकडे. सकाळपासून त्यानं तिच्याकडे धड बघितलंच नव्हतं. ती भ्यायली होती. ती केवढी भ्यायली होती!

त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. तिचाही बसला असावा. ती परत पाटावर टेकली आणि त्या तसल्या अवस्थेतही, विटेवरचं ते ध्यान बघून, तिनं गालातल्या गालात हसत त्याला हात जोडले.

दिवा लागला. लुकलुकला... लुकलुकला... आणि स्थिर झाला.

चारला दोन मिनिटं कमी असताना आईच्या समोरचा फोन उजळला. पडद्यावर प्रणिता. हिरवा गाऊन, डोळे सुजलेले, ओठ थरथरणारे. आईनं छातीवर तळवा ठेवला. मग दोन बोटं कपाळाला लावली. मग हवेत एक लहानसा पाळणा हलवला. तिकडे प्रणितानंही तसाच हलवला, आणि रडता रडता हसली.

सुयोग अजून विटेवरच होता. गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायचं धाडस होईना.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "आता हात सोडू का?"

अक्का तिकडे मायलेकींकडे बघत होती.

"कशाला?" ती म्हणाली. "आईचं हात चाललेत की."