बाहत्तर व्होल्ट आणि आठ पोळ्या

"मग बॅटरी बाहत्तर व्होल्टचीच का नको, बुवा?"

श्रीरंग खांबेटे हे चौथ्यांदा विचारत होता. चाकणची इंजिनिअरची नोकरी सोडून मठात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. नोकरी सुटली होती, ऐट कुठे सुटते इतक्यात!

काशीनाथबुवा गवार निवडत होते.

मठ टेकडीच्या पायथ्याशी आणि समाधी माथ्यावर. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी मागून चढाची सडक, आणि त्या सडकेवर कुणा भक्ताने दिलेली जुनी गोल्फ कार्ट. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या बॅटऱ्यांनी राम म्हटला. तेव्हापासून भीमाक्का खाली ओवरीत अडकल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले. शुक्रवारी उत्सव. "यंदा समाधीवर डोकं टेकू दे, पुढचं देव बघेल," एवढंच त्यांचं मागणं होतं.

"लिथियमच्या तीन तऱ्हेच्या मिळतात," श्रीरंग बोटांवर मोजत म्हणाला. "छत्तीसवर चढात मुंगीसुद्धा पुढे जाईल. अठ्ठेचाळीस म्हणजे आपली बैलगाडी. बाहत्तर लावा, भीमाक्का दोन मिनिटांत वर!"

"मला वर न्यायचंय रे मेल्या, वर पाठवायचं नाहीये," खांबाला टेकलेल्या भीमाक्का म्हणाल्या.

बुवांनी एक शेंग मोडली. "गाडीला विचारलंस?"

श्रीरंगला हसू आलं. साधू माणूस, त्याला काय कळणार! "गाडी काय बोलणार, बुवा? द्याल ते घेते बिचारी."

बुवांनी पुढची शेंग उचलली.

"दुकानदाराला चारच्या आत फोन करायचाय. शुक्रवारच्या आत हवी तर आजच. आणि एकदा खोकं फोडलं की तो परत घेत नाही. करू ना फोन?"

"जेवून कर."

द्वादशीचं पारणं होतं, पुरणपोळीचं. या मठाची रीत अशी की वाढप्याने आधी "किती?" विचारायचं आणि जेवणाऱ्याने पानात काही टाकायचं नाही. पहिलं पाळलं म्हणूनच दुसरं पाळता येतं, हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी पोळ्यांची परात खुद्द बुवांनी उचलली. श्रीरंगच्या पानात दोन पोळ्या पडल्या. विचारणं नाही, काही नाही. बुवांच्या हातचं म्हणून तो धन्य झाला. आणखी दोन पडल्या, तरी धन्यच होता. सहावीला त्याला घाम फुटला. सातवी त्याने पाण्याच्या घोटाबरोबर कशीबशी ढकलली.

आठवी पडली.

"बुवा... पुरे हो! पोटाला झेपतंय का, विचाराल तरी आधी!"

"पोट काय बोलणार?" बुवांनी पोळीवर तुपाची धार सोडली. "द्याल ते घेतं बिचारं."

भीमाक्कांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

श्रीरंगचे कान तापले. भरल्या पानावरून उठू नये, पण तो उठला. बुवांनी अडवलं नाही.

पोट सावरत तो गाडीपाशी गेला. वाकवेना, तरी वाकला. सीट उचलली. मोटारीला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरवर बोटभर धूळ होती, ती उपरण्याने पुसली. खाली पत्र्याची पाटी निघाली, आणि पाटीवर आकडा. दोन महिन्यांत त्याने ही सीट एकदाही उचलली नव्हती!

बाहत्तर जोडली असती, तर कंट्रोलर जोडताक्षणी जळाला असता, आणि शुक्रवारी भीमाक्का याच ओवरीतून माथ्याकडे बघत बसल्या असत्या.

तो परत आला. पंगत उठली होती. फक्त त्याचं पान तसंच होतं, आणि पुढे बुवा.

"अठ्ठेचाळीस," तो खाली बघत म्हणाला. "लिहिलेलंच होतं, बुवा... मीच बघितलं नाही. आता तिचाच फोन करतो. हळू जाईल, पण जाईल."

भीमाक्कांनी बसल्या जागेवरून माथ्याकडे हात जोडले.

श्रीरंग निमूट पानावर बसला आणि आठवी पोळी संपवू लागला. घासागणिक डोळे पांढरे होत होते, पण संपवली.

बुवांनी परात उचलली. त्याच्यापुढे वाकले...

"किती?"