डांगे सरांचं ‘नो, थँक्यू’

“अडाणी वळण म्हणं! माझ्या पोरीला अडाणी वळण म्हणं! या की घरी, दावतो वळण!” सर्जेराव परड्यात एकटाच डांगे सरांशी भांडत हुता. सर तवा तालुक्याला आपल्या घरी हुते.

झालं हुतं असं. इंग्रजीच्या वर्गात सरांनी पेढं वाटलं. सर्जेरावाची वैजू रीतीनं आधी ‘नो, थँक्यू’ म्हणली, अन् डबा फुडच्या पोरीकडं सरकल्यावर तिनं हात लांब केला. सर खेकसले, “हे अडाणी वळण! इंग्रजीत एकदा नो म्हणजे नो, दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही!” अन् तालुक्याच्या इंग्रजी भाषणाच्या स्पर्धेतनं तिचं नाव कापलं.

जत्रंला सरांना जेवायला बोलवायची गावची रीत. सर सकाळपासनं पोट रिकामं ठिवून सर्जेरावाच्या पंगतीला बसले. सर्जेरावानं मटणाची पळी ताटावर धरली. सर लाजत म्हणले, “नो, थँक्यू.”

सर्जेरावानं पळी माघारी पातेल्यात सोडली. “वैजे, पातेलं उचल. सरांना नगं हाय.”

सर कोरडी भाकरी हातात धरून बघतच राह्यले. “अहो, असं काय करता? पाहुण्यानं आधी नको म्हणायचं, यजमानानं आग्रह करायचा!”

“ते मराठीत, सर. तुमी इंग्रजीत म्हणला.”

सारी पंगत फिसकन हसली. सर बी हसले, पर डोळं पातेल्यावर.

“आता मराठीत आग्रह करतो,” सर्जेराव म्हणला. “पोरीचं नाव परत घाला. आत्ताच्या आत्ता तालुक्याला फोन लावा.”